केळीच्या चिकाचे डाग आणि विद्याताई

मागच्या महिन्यात माहेरी गेले होते. यावल तालुक्यातलं आमचं गाव. मायची जुनी पत्र्याची पेटी आवरायला काढली तर वर पातळं, मग आमच्या लहानपणीचे स्वेटर आणि पार तळाशी 'मिळून साऱ्याजणी' मासिकाचे अंक. अकरा निघाले. बऱ्याच अंकांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. ज्यांच्या घरी केळी आहे त्यांना माहिती आहे, हा डाग साबणाने जात नाही, उन्हाने जात नाही, कपडा फाटेपर्यंत तसाच राहतो. म्हणजे माय हे अंक बागेत नेऊन वाचायची, कारण घरात वाचत बसलेली बाई दिसली की कोणी ना कोणी काम सांगायचंच.

अंक यायचे आमच्या शाळेतल्या बाईंकडे. त्या पोस्टाने मागवायच्या, त्यांचा वाचून झाला की मायला द्यायच्या. माय दहावी शिकलेली, अठराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली. मला आठवतं ती अंक घेऊन आली की आधी संपादकीय वाचायची आणि मग खूप वेळ काही बोलायची नाही. कोणी विचारलं तर "पुन्याच्या त्या बाईंनी लिहेल आहे" एवढंच.

त्या पुण्याच्या बाई म्हणजे विद्या बाळ. सगळे त्यांना विद्याताई म्हणायचे. जन्म 1937 चा, आणि 30 जानेवारी 2020 ला त्या गेल्या. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त काय भावतं सांगू का, की त्या आधीपासून स्त्रीवादी वगैरे नव्हत्या. पुणे आकाशवाणीवर निवेदिका होत्या, मग 1964 ला किर्लोस्करांच्या 'स्त्री' मासिकात लागल्या. 'स्त्री' 1930 पासून चालू होतं, म्हणजे तीन पिढ्यांतल्या मराठी बायकांनी वाचलेलं. 1974 ला तर विद्याताई पुणे महापालिकेच्या निवडणुकीला जनसंघाकडून उभ्या राहिल्या होत्या आणि पडल्या. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष आलं, सगळीकडे चर्चा, शिबिरं, आणि मासिकाच्या टेबलावर बायकांची पत्रं तर रोजचीच. पस्तिशी उलटलेली, संसारी, मध्यमवर्गीय घरातली बाई हळूहळू बदलत गेली आणि आपण बदलतोय हे तिने वाचकांपासून लपवलं नाही. मला वाटतं म्हणूनच मायसारखीला त्या परक्या वाटल्या नाहीत. वरून उपदेश करणाऱ्या बाईचं मायने दुसरं पान उलटलं नसतं.

1982 ला पुण्यात सासरी तरुण सुनांचे जीव गेले आणि शहर हादरलं. त्यातलं मंजुश्री सारडाचं प्रकरण खूप गाजलं. त्याच वर्षी विद्याताई आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच काढला, आणि 'मी एक मंजुश्री' नावाचं प्रदर्शन घेऊन लोकांपुढे गेल्या. तेव्हा "घरातली गोष्ट घरात" हेच सगळे मानायचे, त्यामुळे घरातलं मरण असं चौकात आणून मांडणं ही केवढी मोठी गोष्ट होती ते आज पटकन लक्षात येत नाही. पुढे 1984 ला सुप्रीम कोर्टाने मंजुश्रीच्या नवऱ्याला सोडून दिलं, परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यायची तर साखळी कशी पूर्ण हवी हे त्या निकालात सांगितलंय आणि वकील लोक आजही तो निकाल दाखवतात. पण त्या वर्षांत देशभर बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, 1983 ला सासरच्या छळाविरुद्धचं कलम 498 अ आलं आणि 1986 ला हुंडाबळीचं कलम. ते कायदे अशाच बायकांच्या रेट्याने झाले.

1983 ते 86 त्या 'स्त्री'च्या संपादक होत्या. तिथून बाहेर पडल्या आणि 1989 ला स्वतःचं मासिक काढलं, 'मिळून साऱ्याजणी'. मागे उद्योगसमूह नाही, वर्गणीदार जमवत जमवत चालवायचं. नाव बघा ना, 'मिळून'. आमच्याकडे पापड, कुरडया, शेवया सगळं मिळूनच होतं, एकीच्या अंगणात दहा जणी, आणि खरं बोलणं तिथेच होतं. विद्याताईंनी तेच अंगण छापून घरोघर पाठवलं असं मला वाटतं. बायकांनी आधी बोललं पाहिजे हे त्यांनी इतकं धरून ठेवलं की मंचाच्या केंद्राचं नावच 'बोलते व्हा'. आणि पुरुषांशीही बोलायला हवं म्हणून पुरुष संवाद केंद्र. पुरुषांना त्यांनी कधीच शत्रू मानलं नाही, त्यांना सोबत घ्यायलाच बघायच्या, हे मला फार पटतं.

मग 2016. शनि शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना चढू देत नव्हते, त्याचा वाद पेटला होता. विद्याताई 79 वर्षांच्या, आणि त्यांनी वकील नीलिमा वर्तक यांच्यासोबत हायकोर्टात जनहित याचिका टाकली. मुद्दा एकदम साधा होता, 1956 चा मंदिर प्रवेशाचा कायदा आपल्या राज्यात आहेच, तो पाळा. कोर्टाने 1 एप्रिलला सरकारला सांगितलं की कायदा अमलात आणा. 8 एप्रिलला, गुढीपाडव्याला, बायका चौथऱ्यावर चढल्या.

इथे मला अमळनेर आठवल्याशिवाय राहत नाही. ज्यांनी मे 1947 मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना उघडं व्हावं म्हणून प्राणपणाने उपोषण केलं ते साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. आम्ही खान्देशवाले गुरुजींचं नाव अभिमानाने घेतो, घ्यायलाच पाहिजे, पण तेच दार बायकांसाठी उघडा म्हटलं की आमच्याच पारावरची माणसं गप्प होतात. हे मला खूप लागतं.

त्या पाडव्याला मी माहेरीच होते. टीव्हीवर बातमी चालू, माय पुरण वाटत होती. विद्याताईंचा फोटो दिसला तशी हात पुसून बाहेर आली. "ह्याच ना वं त्या, पुन्याच्या?" म्हटलं हो. आमच्या गावातल्या शनीला माय दर शनिवारी खालूनच तेल वाहते, तर मी विचारलं, मग तू आता वर जाशील का? ती थोडा वेळ थांबली. म्हणे, "मले नाही जायचं. पन कोनी जाऊ नको म्हनलं, तं मंग जाईन."

आता त्या पेटीतल्या एका अंकात मला एक आंतर्देशीय पत्र सापडलं. पत्ता लिहिलेला, पुण्याचा. आत मायचं अक्षर. 'सौ. विद्याताईंना नमस्कार. मी शेतकरी घरातली आहे. मला एक विचारायचे आहे की' आणि बस, पुढे कोरं. मला वाटलं काहीतरी सासरचं असेल, आजीचं, आबांचं, मन नुसतं धडधडत होतं. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो तेव्हा तिच्यापुढे धरलं. म्हटलं काय विचारायचं होतं गं तुला?

तिने चष्मा लावून वाचलं, परत घडी घातली.

निंदणीच्या रोजाचं होतं म्हणे. बाजाराच्या दिवशी मजुरी वाटायचं काम आजीनंतर मायकडे आलं होतं, बाईला वीस आणि गड्याला पस्तीस. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 लाच झालाय हे तिने अंकातच वाचलं होतं. आणि दर आठवड्याला तिच्याच हाताने त्या बायांच्या हातावर वीस रुपये मोजायचे. आबांना बोलायची हिंमत नाही, आणि पुण्याला लिहायचं तर आपल्याच घराचं गाऱ्हाणं, त्यात आपलाच हात. म्हणून पत्र तिथेच थांबलं.

मी विचारलं, मग?

"मंग काय. माह्या दुधाच्या पैशातून पाच-पाच टाकत गेली वर. पंचवीस. तुह्या आबाले तीन वर्सं मालूम नव्हतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पस्तीस नाही करता आले वं मले."

ते पत्र मी मागितलं तर दिलं नाही तिने. अंकात ठेवून पेटीत परत टाकलं आणि गुरांना पाणी दाखवायला उठली.