कोकमचा शोध

माझे बाबा नौदलात होते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या जहाजावर? बाबा जहाजावर राहिले ते थोडाच काळ, तेही 'विक्रांत'वर आणि तेही विमानासाठी. ते एअर मेकॅनिक. आधी अलिझे, मग सुपर कॉन्स्टेलेशन. समुद्रावर तासन्तास फिरून पाणबुड्या आणि जहाजं शोधणारी ही विमानं. १९६८ साली सतराव्या वर्षी चिपळूणजवळच्या आमच्या गावातून गेले, पंधरा वर्षांनी पेन्शन घेऊन परत आले आणि लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागले. जुन्या दोस्तांशी संबंध संपला तो संपलाच.

खरं तर त्या दोस्तांचा शोध मी २००२ सालीच घ्यायला हवा होता. त्या वर्षी १ ऑक्टोबरला गोव्यात गस्ती विमानांच्या एका स्क्वाड्रनचा, म्हणजे तुकडीचा, रौप्यमहोत्सव होता. त्याच दिवशी तिची दोन आयएल-३८ विमानं हवेत एकमेकांवर आपटली. दोन्हींतले मिळून बारा जण गेले. स्क्वाड्रन बाबांची नव्हती, पण ते टीव्हीसमोरून हलले नाहीत. "आपला कोण असेल का गो त्यात?" त्यांनी मला दोनदा विचारलं. मी कॉलेजात होते, माझी दुसऱ्या दिवशी परीक्षा होती.

वीस-बावीस वर्षं गेली. मागच्या वर्षी बाबांना अर्धांगाचा सौम्य झटका आला, त्यातून सावरले, आणि एका दुपारी एकदम म्हणाले, "कोण कोण उरलंय बघ जरा."

ट्रंकेत सर्व्हिसचे कागद मिळाले आणि १९७८ सालचा एक फोटो. सुपर कॉन्स्टेलेशनच्या पुढच्या चाकापाशी नऊ पोरं, पैकी दोघं उघडी. फोटोच्या मागं पेनानं नावं, पण कसली? टायगर, डॉक्टर, लंबू, कोकम. कोकम म्हणजे बाबा, सुट्टीवरून येताना आगळाच्या बाटल्या आणायचे म्हणून. बाकीच्यांची खरी नावं त्यांना चारच आठवली, आणि त्यातली दोन 'सिंग' होती.

मी पहिली चूक केली ती सरकारी पद्धतीनं जायची. रीतसर पत्र लिहिलं, सोबत फोटोची प्रत, बाबांचा पर्सनल नंबर. दोन महिन्यांनी उत्तर आलं की दुसऱ्या व्यक्तीची माहिती देता येत नाही. रागावले, पण नंतर विचार केला तर बरोबरच आहे. उद्या कोणीही बाबांचा पत्ता मागितला तर त्यांनी द्यावा का?

रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका माणसानं मला सरळ केलं. तो स्वतः माजी सैनिक. म्हणाला, "ताई, नाव विचारत बसू नका. नावानं आम्हालाच आमची माणसं आठवत नाहीत. ट्रेड सांगा, स्क्वाड्रन सांगा, कोणत्या साली कुठं होते ते सांगा. आणि नोव्हेंबरात या, हयातीचा दाखला द्यायला सगळे बाहेर पडतात." तो दाखला आता घरबसल्याही देता येतो, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना बँकेत जाऊन 'मी आहे' हे सांगण्यातच मजा येते.

तर नोव्हेंबरात मी फोटो घेऊन रांगेशी उभी. नव्वद टक्के लोक आर्मीचे. एकजण फोटो बघून म्हणाला, "हे एअर इंडियाचं विमान आहे." मी वाद घालायच्या तयारीत होते, पण घरी बाबा म्हणाले तो चूक नाही. एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं साठच्या दशकात हवाई दलानं घेतली, पुण्याला लोहगावहून ती समुद्रावर गस्तीला जायची, आणि १९७६ साली ही गस्त नौदलाकडे आली तेव्हा विमानंही आली, दाबोळीला. म्हणजे ज्या विमानात पूर्वी प्रवाशांना जेवण वाढायचे, त्याच्याखाली आमचे बाबा ऑइल पुसत उभे.

ऑइलचं पुराण तर संपतच नाही. चार इंजिनं, प्रत्येकात अठरा सिलिंडर गोल मांडलेले. विमान उभं राहिलं की ऑइल खालच्या सिलिंडरांत उतरतं. तसंच स्टार्ट केलं तर इंजिन मोडायचं, म्हणून आधी पंखे फिरवून घ्यायचे. "ऑइल गळत नसेल तेव्हा घाबरायचं, म्हणजे संपलंय," हे बाबांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत होते आणि मला वाटायचं ते आमच्या स्कूटरबद्दल आहे.

रांगेत शेवटी गुहागरचा एक स्टोकर, म्हणजे जहाजाच्या बॉयलरवरचा माणूस, भेटला. त्याच्याकडे कोचीच्या एका निवृत्त चीफ पेटी ऑफिसरचा नंबर होता, चीफकडे आणखी तिघांचे. मी एक्सेलमध्ये तक्ता केला, रंग भरले, दुपारी दोनला फोन लावायला घेतले. दुपारी दोनला सत्तरी ओलांडलेला कोणताही फौजी झोपलेला असतो. चार-साडेचारला, चहाच्या आधी, फोन करायचा हे शिकले.

तिसरा नंबर कराडचा होता. बाईंनी उचलला. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, आणि त्या म्हणाल्या, "अहो, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली." एक्सेलमध्ये याच्यासाठी रकाना नव्हता. मी सॉरी वगैरे काहीतरी पुटपुटले. त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडे त्यांचा फोटो आहे का? विमानाबरोबरचा आमच्याकडे एकही नाही." मी तिथल्या तिथे पाठवला. ते 'डॉक्टर' निघाले, डावीकडून दुसरे.

दहा मिनिटांनी त्यांचाच फोन. "एक विचारू का? ते तिथं नक्की काय करायचे हो?"

मी फोन बाबांकडे दिला. झटक्यानंतर बाबांचे शब्द अडखळतात, फोनवर तर ते बोलायचं टाळतातच. त्या दिवशी अर्धा तास बोलले. "वहिनी, तो पंपाला लांब स्क्रूड्रायव्हर लावायचा, दुसरं टोक कानाला, आणि सांगायचा हा आठवडाभरात जाईल. आणि जायचा. म्हणून डॉक्टर." मग १९७१ निघालं. दोघंही तेव्हा अलिझेवर, 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात, बॉयलर नादुरुस्त म्हणून जहाजाचा वेग कमी, तरी विमानं उडत होती. १० डिसेंबरला तिकडं पश्चिमेला अरबी समुद्रावर एक अलिझे पाकिस्तानी विमानानं पाडलं, तिघं त्यात होते. बातमी कळली त्या रात्री डॉक्टर जेवला नाही, हेही बाबांनी वहिनींना सांगितलं. मला ते कधीच सांगितलं नव्हतं.

वास्कोचा नंबर कराडच्या वहिनींच्या जुन्या डायरीत होता. मूळचे कानपूरचे, निवृत्तीनंतर वास्कोतच घर बांधलेले. मी आडनाव सांगितलं, शांतता. स्क्वाड्रन सांगितली, "हाँ, तो?" शेवटी म्हटलं, कोकम. पलीकडून जो आवाज आला तो बाबांनी खाटेवरून ऐकला: "कोकम? अबे, ज़िंदा है तू?"

आम्ही जानेवारीत रविवारी मांडवीनं मडगावला उतरलो. सोमवारी बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय बघायचं, असा माझा बेत. संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते. एवढा तक्ता करून हे बघायचं राहिलं! मग अख्खा सोमवार वास्कोच्या काकांच्या व्हरांड्यात गेला. काकांनी लंबूला जवळच्या चिखलीहून बोलावून घेतलं होतं. तो आता अजिबात लंबू राहिलेला नाही.

मंगळवारी तिघं सुपर कॉन्स्टेलेशनखाली उभे राहिले. मला वाटलं होतं, रडतील. कसलं काय! तीन नंबरचं इंजिन जास्त गळायचं की चार नंबरचं, यावर जुंपली. तिथला पहारेकरी ऐकत उभा राहिला. बाबांनी काठी माझ्याकडे दिली आणि वाकून चाकाच्या वर कुठंतरी हात घालून बघितला. बोट कोरडं निघालं.

परतीच्या गाडीत रत्नागिरी येईपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "वही काढ. टायगर बालासोरचा. डावखुरा. भाऊ त्याचा पोस्टात होता. लिही."