बाईसाहेबांनाच विचारा

लेकीकडे हार्टफर्डला आले की जावईबापू एक तरी सहल काढतातच. या वेळी मी आधीच बजावलं होतं, मॉल नको आणि धबधबा तर नकोच नको. म्हणून शनिवारी सकाळी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आम्ही शेफिल्डला निघालो. सव्वा तासाचा रस्ता. कनेक्टिकट संपून मॅसॅच्युसेट्स कधी लागलं ते मला कळलंही नाही.

अमेरिकेतली गुलामगिरी म्हटलं की आमच्या पिढीला लिंकन, यादवी युद्ध आणि १८६५ एवढंच ठाऊक. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा ते युद्ध संपून आठच वर्षं झाली होती. पण उत्तरेकडच्या राज्यांनी हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी आपापल्या परीनं हाताळला होता. व्हरमाँटनं १७७७ च्या घटनेत, पेन्सिल्व्हेनियानं १७८० च्या कायद्यानं. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानं मात्र असा कायदा केलाच नाही. तिथे गुलामच कोर्टात गेले.

त्यातल्या एकीचं नाव बेट. कर्नल जॉन ॲशलीच्या घरची गुलाम. ते १७३५ चं घर अजून उभं आहे, तेच बघायला आम्ही आलो होतो. वरच्या मजल्यावर कर्नलची अभ्यासिका. इथे १७७३ मध्ये गावातल्या प्रतिष्ठितांनी इंग्रजांच्या विरोधात एक जाहीरनामा लिहिला: निसर्गतः सगळी माणसं समान आणि स्वतंत्र आहेत. लिहिणाऱ्यांत थिओडोर सेजविक नावाचा तरुण वकील होता. खाणंपिणं वाढायला कोण येत असेल, हे सांगायला नकोच.

मी मात्र जास्त वेळ रेंगाळले ती स्वयंपाकघरात. बायकांच्या गोष्टी चुलीपाशीच घडतात. कर्नलची बायको हॅना तापट. एकदा तिनं चुलीतलं तापलेलं फावडं लिझी नावाच्या मुलीवर उगारलं. लिझी ही बेटची बहीण की लेक, याबद्दल दोन मतं आहेत. बेटनं मध्ये हात घातला. हात भाजला तो कायमचाच. पुढे बेट तो हात मुद्दाम उघडा ठेवायची आणि कोणी विचारलं, हाताला काय झालं, तर हॅनाच्या तोंडावर म्हणायची, “बाईसाहेबांनाच विचारा!” हे ऐकून माझी लेक एकदम म्हणाली, “आई, ही आपल्या आजीसारखी आहे गं.” आमच्या सासूबाईही अशाच, एक शब्द जास्त बोलायच्या नाहीत.

१७८० मध्ये राज्याची घटना आली. पहिलंच कलम: सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. बेटला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कान शाबूत होते. तिनं थेट सेजविकला गाठलं: कायदा असं म्हणतो, मग मला स्वातंत्र्य मिळवून देणार का? गंमत बघा, समानतेचा जाहीरनामा लिहिणाऱ्या त्या वकिलाला याच घरात वावरणारी बेट आठ वर्षांत दिसली नव्हती. खटला चालवला मात्र त्यानं चोख. ब्रॉम नावाचा दुसरा गुलामही तिच्यासोबत वादी झाला. ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्यूरीनं दोघांना मुक्त ठरवलं, वर ३० शिलिंग भरपाई. ॲशलीनं अपील केलं आणि थोड्याच दिवसांत सोडूनही दिलं. क्वॉक वॉकर नावाच्या दुसऱ्या गुलामाच्या प्रकरणात १७८३ मध्ये सरन्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी स्वच्छ सांगितलं की नव्या घटनेत गुलामगिरी बसत नाही. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांच्या रकान्यात शून्य आहे.

ॲशलीनं पगार देऊन परत बोलावलं, तरी बेट गेली नाही. एलिझाबेथ फ्रीमन असं नाव घेऊन ती सेजविककडे पगारी कामाला राहिली.

दशम्या गाडीतच खाऊन स्टॉकब्रिजच्या दफनभूमीत गेलो. सेजविक घराण्याच्या कबरी तिथे गोल रांगोळीसारख्या मांडल्या आहेत, मध्यभागी थिओडोर. अगदी आतल्या वर्तुळात बेटची शिळा आहे. मृत्यूची तारीख नेमकी, २८ डिसेंबर १८२९. वय मात्र ‘अंदाजे ८५’. कोणीतरी जन्म टिपून ठेवला असता तर ना.

परतताना कॅननपाशी कनेक्टिकटची पाटी आली, तेव्हा नात मांडीवर झोपली होती. ॲशलीच्या घरापासून इथवर गाडीनं काही मिनिटं. जावईबापूंना विचारलं, तर म्हणाले, इथला कायदा १७८४ चा. १ मार्चनंतर जन्मलेली गुलामांची मुलं पंचविशी गाठली की मोकळी. गुलामगिरी पुरती बंद झाली १८४८ मध्ये.

“आणि आधी जन्मलेली?”

“त्यांना त्या कायद्यानं काहीच मिळालं नाही, आई.”

म्हणजे बेट या पाटीच्या कनेक्टिकटच्या बाजूला राहत असती, तर त्या कायद्यानं तिच्या वाट्याला काहीच आलं नसतं.