खुरप्याची मूठ आणि अर्धी बाटली स्पिरिट

बेळगावच्या उद्यमबागेत माझं एक जुनं इंजेक्शन मोल्डिंग मशीन आहे, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरणारं. त्यावर खुरप्या-विळ्यांच्या मुठी काढतो. माल खानापूर, निपाणी, चिकोडीकडे जातो. पेरणीच्या तोंडावर एका दुकानदारानं पोतंभर मुठी परत पाठवल्या. एक व्हाइसमध्ये धरून वाकवली, तर तुटायच्या आधीच तिचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले.

आधी ओलाव्यावर संशय घेतला. प्लास्टिकचा दाणा वाळवला, तो जिथं वितळतो ते बॅरल 200 वरून 220 अंशांवर नेलं, प्रेशर वाढवलं. दोन दिवस गेले, पापुद्रे तसेच. मग ग्राइंडिंगचं, म्हणजे दळलेल्या भंगार प्लास्टिकचं पोतं उपसलं. पीपी (पॉलिप्रोपिलीन) म्हणून घेतलेल्या मालात बाटल्यांची टोपणं, फुटक्या क्रेट्सचे तुकडे, म्हणजे एचडी (हाय-डेन्सिटी पॉलिथीन) हे दुसरंच प्लास्टिक! भंगारवाल्याला फोन लावला, तर म्हणतो, "सगळं एकच हाय की हो, पाण्यावर तरंगतंय नव्हं?"

तरंगतं, ते खरंच. पीपीची घनता 0.90-0.91, एचडीची 0.94 ते 0.96, दोन्ही पाण्याहून हलकी. जाळून पाहिलं, तर माझ्या नाकाला दोन्हींचा वास मेणबत्तीचाच.

पॉलिमर शिकणारा भाचा सुट्टीला आला होता. त्यानं मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणवलं, बरणीत साधारण अर्धं पाणी, अर्धं स्पिरिट केलं आणि मूठभर ग्राइंडिंग टाकलं. हिरवी टोपणं सावकाश तळाला गेली, बाकीचं वर राहिलं. स्पिरिट घातलेलं पाणी पीपीहून जड, पण एचडीहून हलकं; म्हणून तळाला गेलं ते एचडी. (चॉक पावडर भरलेलं पीपीही बुडतं, तेव्हा डोळे झाकून विश्वास नको.)

मी म्हटलं, "अरे, रॉकेल नि डिझेल बिनबोभाट मिसळतात. पीपी नि एचडीसुद्धा त्यांच्यासारखी कार्बन-हायड्रोजनचीच ना?"

"मामा, रॉकेलचे रेणू बारके. इथं एकेक साखळी हजारो कड्यांची. इतक्या लांब साखळ्या एकमेकींत विखुरण्यातनं फारसा फायदाच होत नाही. मग जराशी नावड असली तरी दोघी वेगळ्या होतात. गार होतानाही आपापले स्फटिक धरतात. एचडी साधारण 130 अंशांना वितळतं, पीपी 160-165 ला."

म्हणजे बॅरलमध्ये एकजीव दिसणारा रस खरं तर एकात दुसऱ्याचे थेंब होता. साच्यात शिरताना ते थेंब ताणले जाऊन थर झाले आणि थरांची एकमेकांवर पकडच नाही.

एका व्यापाऱ्यानं मॅलेइक नावाचं रसायन साखळीला जोडलेलं पीपी 'जोडणारं' म्हणून विकायचा प्रयत्न केला. भाच्यानं फोनवरच थांबवलं: ते नायलॉन-पीपीच्या जोडीला उपयोगी, इथं इथिलीन-प्रोपिलीन रबरासारखं काहीतरी लागेल. भाव विचारला नि गप्प बसलो. आठ रुपयांच्या मुठीला हे चोचले परवडत नाहीत.

आता पोतं उतरवायच्या आधी तीन ठिकाणचा माल काढून बरणीत टाकतो. तळाला चार-दोन तुकडे दिसले तर चालवून घेतो, थर दिसला तर टेंपो तसाच परत. भंगारवाला कुरकुरतो. बायकोची तक्रार वेगळीच: घरी आल्यावर माझ्या हाताला येणारा वास स्पिरिटचाच आहे, हे तिला रोज पटवावं लागतं.