आमची वाटचाल : समालोचकाच्या कानापर्यंत

कोल्हापुरात वडिलांनी दुकान सुरू केलं ते लाउडस्पीकर भाड्यानं द्यायला. गणपती, लग्नं, सभा, कुस्तीची मैदानं. पुढं स्थानिक सामने मोबाइलवर थेट दिसायला लागले. कॅमेरेवाले आले, समालोचक आले. पण समालोचकाच्या कानात काय जातंय याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. ते काम आम्ही अंगावर घेतलं आणि आज दुकान त्यावरच चालतं.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. तिथं कान पूर्ण झाकणारा हेडसेट आणि ओठांजवळ धरलेला डायनॅमिक माइकच लागतो. एका कानात सामन्याचा आवाज, दुसऱ्यात दिग्दर्शकाची सूचना. ‘रिप्ले येतोय’ हे समालोचकाला कळलं पाहिजे, प्रेक्षकाला नाही. पुढ्यातल्या पेटीवर दोन बटणं असतात. एक खोकल्याचं, दाबलं की माइक तेवढ्यापुरता बंद. दुसरं टॉकबॅकचं, दाबून बोललेलं फक्त दिग्दर्शकाकडं जातं.

सगळ्यात जपावं लागतं ते परतीच्या आवाजाला. स्वतःचं बोलणं क्षणभर उशिरा कानावर पडलं तर भले भले समालोचक अडखळतात. म्हणून थेट प्रक्षेपणाचा आवाज त्यांच्या कानात कधीच द्यायचा नाही. मिक्सरवरून वेगळी लाइन काढायची आणि त्यातून त्यांचा माइक वगळायचा.

कॅमेरामन आणि दिग्दर्शकासाठी आम्ही दोन तारांची पार्टीलाइन वापरतो, म्हणजे सगळ्यांना एकमेकांशी बोलता येईल अशी सामाईक लाइन. एकाच तीन पिनी केबलवर सगळे बेल्टपॅक, म्हणजे हेडसेट जोडायचे कमरेचे डबे. पहिली पिन ग्राउंड, दुसरीवर सुमारे ३० व्होल्ट डीसी, तिसरीवर आवाज. या लाइनला २०० ओहमचं टर्मिनेशन, म्हणजे लाइनवर जोडायचा रोध, एकाच ठिकाणी हवं. दोन ठिकाणी लागलं की सगळ्यांचा आवाज बसतो, कुठंच नसलं की लाइन शिट्ट्या मारते. हेडसेटच्या कनेक्टरला कधी चार पिना असतात, कधी पाच, आणि पिना बसल्या म्हणजे जोडणी जमली असं मुळीच नाही. कंडेन्सर माइकला वीज लागते, डायनॅमिकला लागत नाही. एका आयोजकानं परस्पर आणलेले हेडसेट नीट बसले, कानात आवाजही आला, पण माइक मुका. तेव्हापासून बाहेरचा हेडसेट आला की आमची मुलं आधी मीटर लावतात.

भांडवल हळूहळू उभं राहिलं. कनेक्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले, केबल दुकानातच सोल्डर केल्या. आजही नव्या मुलाला पहिले काही महिने सोल्डरिंगच देतो. तयार केबल स्वस्त मिळते हे खरं, पण सामना सुरू असताना ती कुठं तुटली हे शोधायला आतली तार हातानं जोडलेली असावी लागते.

आता कबड्डीसाठी दुसरा संच जोडतोय. त्यात प्रत्येक समालोचकाला माइकचा स्वतंत्र फोम मिळणार. एकाच्या तोंडचा दुसऱ्याला देणं मला पटत नाही.