प्रेमाचा सिनेमा विचारला की मी घराचा का सांगते

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मी ठाण्यात गृहकर्जाचं काम करते. समोर येऊन बसणाऱ्यांत लग्न ठरलेली किंवा नुकतंच झालेली जोडपी खूप असतात. फाईल मंजूर होईपर्यंत चांगली ओळख होते, मला सिनेमाचं वेड आहे हे कळतं, आणि कुणीतरी विचारतंच, ‘ताई, प्रेमाचा एखादा चांगला सिनेमा सांगा ना.’ मी ‘घरौंदा’ सांगते. मग फोन येतो, ‘अहो, यात प्रेमापेक्षा फ्लॅटच जास्त आहे. प्रेमाचा विचारला की तुम्ही दरवेळी घराचाच का सांगता?’

कारण मुंबई-ठाण्याच्या या पट्ट्यात प्रेमाची खरी परीक्षा जागेवरूनच होते, असं मला मनापासून वाटतं. बाकीच्या सिनेमांत प्रेमाच्या आड बाप येतो, जात येते, श्रीमंती येते. त्यांच्याशी दोघांना मिळून भांडता येतं. जागेची अडचण मात्र दोघांच्या मधोमध येऊन बसते, आणि एकमेकांसाठी काय काय सोडायची तयारी आहे ते विचारत राहते.

‘घरौंदा’ १९७७चा, भीमसैन यांचा. सुदीप आणि छाया, म्हणजे अमोल पालेकर आणि झरीना वहाब, एकाच ऑफिसात नोकरीला. पगारातून पै पै बाजूला टाकून फ्लॅट बुक करतात. अर्धवट बांधलेल्या इमारतींतून हिंडतानाचं त्यांचं ‘दो दीवाने शहर में’ सगळ्यांना पाठ आहे. मग बिल्डर पैसे बुडवतो. इथवर ही गोष्ट आपल्याकडे कुणाच्याही घरात घडलेली असू शकते. पण पुढे सुदीप छायाला जे सुचवतो ते ऐकताना मला आजही कसंतरी होतं. ऑफिसचे मालक मोदी वयस्कर, पैसेवाले आणि हृदयविकाराचे. त्यांना छाया आवडलेली आहे. तर तिने त्यांच्याशी लग्न करावं. ते फार दिवस काढणार नाहीत, नंतर पैसाही आपला आणि घरही आपलं. घरासाठी तो तिलाच तारण ठेवायला निघतो. आणि हा माणूस खलनायक नाही, हेच या सिनेमाचं मोठेपण. तो दमलेला आहे. त्याचं तिच्यावर प्रेम होतं, कदाचित तेव्हाही होतं. छाया लग्न करते, आणि मोदी भले निघतात. डॉ. श्रीराम लागूंनी त्यांना इतकं माणूसपण दिलंय की आपल्यालाही त्यांच्या मरणाची वाट बघवत नाही.

गाण्यांकडे नीट लक्ष द्या. सुरुवातीला दोघं निवारा शोधत असतात. पुढे ‘एक अकेला इस शहर में’ येतं. भूपिंदर यांचा तोच आवाज, शोधही तोच, पण पहिल्या गाण्यात बरोबर गाणाऱ्या रुना लैला आता नाहीत. जयदेव आणि गुलजार यांनी सिनेमाची सगळी गोष्ट या दोन गाण्यांत ठेवली आहे.

आजच्या मुलांचं म्हणणं असतं की आता असं होत नाही, घर घेणाऱ्यांसाठी रेरा कायदा आहे. बिल्डरच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. फ्लॅटधारकांसाठीचा मोफा कायदा १९६३पासून होता, म्हणजे सुदीप-छायाच्या वेळीही होता. पण २०१७ साली त्या कायद्याखालचं महारेरा हे राज्याचं प्राधिकरण सुरू झाल्यापासून प्रकल्पाची नोंदणी घरबसल्या तपासता येते, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के बिल्डरला वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. बुकिंगआधी हे बघाच, मी प्रत्येकाला बजावते. पण सुदीप छायाला जे बोलला त्यासाठी कुठलं प्राधिकरण नाही.

दुसरा सिनेमा मी सांगते तो ‘मुंबईचा जावई’, १९७०चा, राजा ठाकूर यांचा. त्यावरूनच बासू चटर्जींनी १९७२मध्ये जया भादुरी आणि अनिल धवन यांना घेऊन ‘पिया का घर’ केला. ऐसपैस घरात वाढलेली मुलगी मुंबईच्या चाळीत सून म्हणून येते. घरात माणसंच माणसं, आणि नव्या जोडप्याच्या वाट्याला रात्रीपुरतं स्वयंपाकघर. कुणी वाईट नाही, सगळे मायेचे आहेत, फक्त दोघांना बोलायला जागा नाही. ‘का रे दुरावा’ हे गाणं याच मराठी सिनेमातलं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आशाबाईंचा आवाज. रेडिओवर ते रुसव्याचं गाणं वाटतं. त्या घराची गोष्ट माहीत असली की दुरावा कशाचा असेल याचा वेगळाच अंदाज येतो.

मला ते पटकन कळलं, कारण माझे आईवडील चरईतल्या दोन खोल्यांत संसाराला लागले, आजी-आजोबा, दोन काका आणि एका आत्यासोबत. आई सांगते, ते दोघं तलावपाळीला जायचे ते भांडायला. घरी आवाज चढवला की सासूबाई मध्ये पडणार. म्हणून संध्याकाळी भाजी आणायच्या निमित्ताने निघायचं आणि तलावाला फेरी मारत कडाकडा भांडायचं. भांडण एका फेरीत मिटलं नाही तर दुसरी मारायची. प्रेमाला एकांत लागतो हे सगळे सांगतात, भांडणाला लागतो हे मात्र मी आईकडून शिकले.

म्हणूनच घोडबंदर रोडवरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये गेले की मी आधी दारं बघते. बऱ्याच ठिकाणी बेडरूमला दारच बसवलेलं नसतं. दार नसलं की खोली मोठी भासते. पलंगही मापाला लहान ठेवलेला असतो. ओळखीतल्या एका जोडप्याबरोबर गेले होते. मुलगा बाल्कनीतून येऊरचा डोंगर बघण्यात रमला होता. मुलगी वागळे इस्टेटला एका खोलीत वाढलेली. तिने मोकळ्या चौकटीवरून हात फिरवला, बिजागऱ्या कुठे येतील ते पाहिलं आणि सेल्सवाल्याला विचारलं, ‘दार आत उघडणार की बाहेर? आत उघडलं तर कपाट बसणार नाही.’ त्याने क्लबहाऊसची गोष्ट काढली. ती चौकटीतून हलली नाही. तिला त्या घरातून काय हवं होतं हे मला तिथे लख्ख दिसलं.

‘पिया का घर’चा शेवट मात्र मला पूर्ण पटत नाही. घरच्यांची माया बघून सून राहते, डोळ्यांत पाणी येतं, पण स्वयंपाकघर तेवढंच राहतं. २०१८च्या ‘लव्ह पर स्क्वेअर फुट’मध्ये विकी कौशल आणि अंगिरा धर घराच्या योजनेत बसावं म्हणून लग्नाला तयार होतात. तो हलकाफुलका आहे, पण सहअर्जदार म्हणून सही करताना माणूस नेमकं कशावर सही करतो हा प्रश्न त्यात आहे, आणि माझ्या टेबलावर तो रोज असतो. परदेशी हवा असेल तर ‘द लेक हाऊस’ बघा, २००६चा. एकाच काचेच्या घरात दोन वर्षांच्या अंतराने राहणारी दोन माणसं पत्रं लिहितात. सुंदर आहे. त्यांना घर मिळालेलं असतं, वेळ जुळत नसते. आपल्याकडच्या पोरांना हे दुःख जरा परकं वाटतं.

तर लग्न ठरलं असेल तर बुकिंगची रक्कम भरण्याआधी ‘घरौंदा’ दोघांनी मिळून बघा, फोन बाजूला ठेवून. ‘मुंबईचा जावई’ सासू-सासऱ्यांबरोबर बसून बघा. आणि संपल्यावर त्यांना विचारा, तुम्ही दोघं भांडायला कुठे जायचात?