तुम्ही विचारलंत म्हणून: दोन विषयांत लिहिलं तर सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या कामाचे दिलेले संदर्भ, विभागली जातात का?

रत्नागिरीत कॉलेजच्या ग्रंथालयात पीएचडीची मुलं मला हा प्रश्न हमखास विचारतात. अलीकडे विचारणारी मुलगी प्राणिशास्त्राची. विषय खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले. पण ओहोटीला चिखलात बसून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना खाडीचं जे कळतं, त्यावरही तिला लिहायचं होतं, तेही मराठीत. "तुला सायटेशन कोण देणार? तेवढ्या वेळात विषयातले दोन पेपर होतील," असं तिला सांगण्यात आलं होतं.

नुसत्या आकड्याचं म्हणाल तर हो, फटका बसतो. संशोधकाचं काम सायटेशनवरून मोजणारा एच-इंडेक्स हा आकडा भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी 2005 मध्ये सुचवला. ज्याच्या 20 पेपरांना प्रत्येकी निदान 20 सायटेशन आहेत, त्याचा एच-इंडेक्स 20. त्याच लेखात भौतिकशास्त्रातले एडवर्ड विटन 110 वर आहेत, जीवशास्त्रातले सॉलोमन स्नायडर 191 वर. म्हणून विटन यांचं काम कमी मोलाचं ठरत नाही. दोन विषयांत लिहिण्याची आणि संदर्भ देण्याची रीतच वेगळी. इतिहासाचं बरंचसं काम पुस्तकांत असतं आणि पुस्तकांच्या तळटिपा या मोजणीत धड येत नाहीत. मराठी नियतकालिकांचं तर विचारूच नका.

तरी मी तिला दामोदर धर्मानंद कोसंबी काढून दाखवले. आपल्याच किनाऱ्यावरचा माणूस, जन्म 1907, गोव्यातला. गणिताचे प्राध्यापक. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांची, आणि प्राचीन भारताच्या इतिहासाला नवं वळण देणारं 1956 चं पुस्तकही त्यांचंच. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, एवढ्या साध्या गोष्टीवरून त्यांनी आहत, म्हणजे ठसे मारून घडवलेल्या प्राचीन नाण्यांच्या ढिगातली नाणी तोलली, वजनांचं संख्याशास्त्र मांडलं आणि कुठली आधीची, कुठली नंतरची हे लावायचा मार्ग काढला. ते काम निव्वळ इतिहासकाराच्या हातून झालं नसतं, निव्वळ गणितज्ञाला सुचलंही नसतं.

मग त्यांचा 1944 चा जनुकशास्त्रातला पेपर. गुणसूत्रांच्या जोडीत एका जागी तुकड्यांची अदलाबदल झाली की लगतच्या जागी दुसरी होण्याची शक्यता घटते. जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या 1919 च्या सूत्रात हे धरलेलं नव्हतं. कोसंबींनी ते धरून जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं. भातावर काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने मला त्याच्या लॅपटॉपवर जनुकीय नकाशाचं सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. अंतर कसं मोजायचं, त्या चौकटीत दोन पर्याय होते: हाल्डेन, कोसंबी. त्याने सवयीने कोसंबीवर टिचकी मारली. पेपर लिहिताना 'कोसंबी फंक्शन वापरलं' एवढं एक वाक्य येतं, आणि पुष्कळदा 1944 चा पेपर संदर्भयादीत नसतोच. काम इतकं अंगवळणी पडलं, की सायटेशन द्यायची गरज लोकांना वाटेनाशी झाली! कुठल्याही डेटाबेसमध्ये त्याची नोंद व्हायची नाही. कोसंबींच्याच 1943 च्या एका पेपरातली गणिती कल्पना तर जगभर कारहुनेन आणि लोएव्ह या दुसऱ्या दोन गणितज्ञांच्या नावाने चालते. कोसंबींचं नाव आधी जोडायची पद्धत अलीकडची, तीही सगळीकडे नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. विषय बदलला की कामाची वाटणी होत नाही. एका विषयातलं अवजार दुसऱ्याच्या कामी येतं. त्या मुलीलाच मी विचारलं, "पावसात खाडीचं पाणी गोडं झालं की तिसऱ्या कुठल्या पट्ट्यात टिकतात, हे तुला कोणी सांगितलं?" तिने त्या बायकांचंच नाव घेतलं. मग नमुने कुठून घ्यायचे हे त्यांच्याकडून घेतलंस, तर त्यांचं ज्ञान लिहिणं हा विषयाबाहेरचा उद्योग कसा? हाच लेख उद्या सागरी जीवशास्त्राचा कोणी वाचेल, मच्छीमारीचे कायदे अभ्यासणाराही वाचेल.

आता कामाचं. कोसंबींनी शेवटच्या वर्षांत काही गणिती पेपर एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापले. शोधायला बसलात तर ते त्यांच्या नावाखाली आपसूक येत नाहीत. म्हणून दोन्हीकडे लिहा, पण नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने द्या. लग्नानंतर आडनाव बदलणार असाल तर त्याचाही आताच विचार करा. संशोधकाची ओळख पटवणारा 16 अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक फुकट मिळतो. तो काढा आणि मराठी लेखही त्यात स्वतः नोंदवा. जमत नसेल तर ग्रंथालयात या, आपण दोघं मिळून भरू.