शेपटीवरचे चावे आणि रात्रीचा निवारा

फोनवर काकांनी निकाल देऊनच टाकला होता. "निळ्याने नव्याला फाडलाय. येऊन तो निळा घेऊन जा." निळा म्हणजे पावडर ब्लू टँग, टाकीत पाळलेला एक समुद्री मासा. म्हापशातल्या त्या घरातली टाकी ६ बाय २ बाय २ फुटांची, खडक-वाळू वजा जाता साधारण ६०० लिटर पाणी. तिच्यात हा टँग, क्लाउनफिशची जोडी, एक फॉक्सफेस आणि एक जुना डोमिनो डॅमसेल. नुकताच त्यात सेलफिन टँग आला होता, आणि तो वरच्या कोपऱ्यात पाइपामागे डोकं खुपसून जोरजोरात कल्ले हलवत उभा होता. अंगावरचे पट्टे फिके, खाण्याकडे लक्ष नाही.

मारामारीची तक्रार आली की मी आधी जखम बघतो. टँगच्या शेपटीच्या देठाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार पातं असतं. त्याने शेपटी फटकारली की समोरच्याच्या कुशीवर सरळ, लांबट चीर पडते आणि खवल्यांखालचं मांस पांढरं दिसतं. सेलफिनच्या दोन्ही कुशी मी टॉर्च तिरका धरून पाहिल्या. एकही चीर नाही. शेपटीच्या पराची कड मात्र जागोजागी अर्धगोल कुरतडलेली, पाठीवरच्या पराचं मागचं टोक गेलेलं. हे काम तोंडाचं होतं, पात्याचं नव्हे.

माणूस काचेजवळ आला की मासे भांडण सोडून खाण्याच्या आशेने पुढे येतात, त्यामुळे उभं राहून बघण्यात अर्थ नसतो. स्टुलावर मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि सगळ्यांना खोलीबाहेर बसवलं. दिवसभरात निळ्याने पर फुलवून, शेपूट वळवून धमक्या पुष्कळ दिल्या, पण अंगाला अंग लागलं नाही. खरा प्रकार संध्याकाळनंतरचा. या टाकीचे पांढरे दिवे साडेआठला विझतात आणि निळे नऊला. त्या अर्ध्या तासात प्रत्येक मासा रात्रीची जागा धरायला निघतो. प्रवाळखडकावरही दिवसा फिरणारे मासे संधिप्रकाशात असेच निवाऱ्याला जातात. काकांच्या घरी ही नेमकी जेवणाची वेळ, म्हणून हे कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं.

खडक मागच्या काचेला टेकवून एकसंध भिंतीसारखे रचलेले होते. त्यात टँगसारख्या उंच अंगाच्या माशाला पुरेल अशी गुहा एकच, मधोमध. तिच्या तोंडाशी डोमिनो. सेलफिन जवळ आला की हा बाणासारखा सुटून शेपटीचा लचका तोडायचा आणि परत तोंडाशी येऊन थांबायचा. पंप मिनिटभर बंद करून काचेला कान लावला तर त्याची टक्‌टक्‌ ऐकू येत होती; डॅमसेल हद्द राखताना असा आवाज करतात. निळ्यालाही त्याने दोनदा हाकललं. तेव्हा कळलं की निळ्यालासुद्धा गुहेत जागा नव्हती, तो पाइपामागे झोपत होता, आणि तीच शेवटची जागा आता सेलफिनने घेतली होती. दिवसभराचा त्याचा राग तिथला होता.

डोमिनोवर संशय का येत नाही, तेही सांगण्यासारखं आहे. पिल्लू काळंकुळकुळीत, कपाळावर एक आणि दोन्ही अंगांना एकेक पांढरा ठिपका असलेलं, दुकानात सगळ्यात स्वस्त आणि गोंडस. वाढला की कपाळावरचा ठिपका जातो, रंग राखाडी पडतो, आणि तो कुणी बघावा असा राहत नाही. पण त्याची हद्द त्याच्याबरोबर वाढत असते. नव्या टाकीत सर्वांत आधी डॅमसेल सोडण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. पहिला येतो तो मालक होतो, आणि हा मालकी सोडणारा मासा नव्हे.

त्याला जाळीने पकडायला जाऊ नये. तो खडकात शिरतो आणि बाकीचे मासे पळापळीत काचेवर आपटतात. घाई नसेल तर पारदर्शक सापळापेटी दार उघडं ठेवून चार-पाच दिवस टाकीत ठेवावी, रोजचं खाणं तिच्यातच घालावं, आणि तो निर्धास्त आत-बाहेर करू लागला की दोरी सोडून दार पाडावं. इथे खडक नव्याने रचायचेच होते, म्हणून पाणी उपसलं. १२० लिटर नवं पाणी आदल्या दिवशी कालवून पंपावर फिरत ठेवलं होतं: लिटरला ३६ ग्रॅमच्या हिशेबाने सव्वाचार किलोच्या वर मरीन सॉल्ट, पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं, खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५, तापमान टाकीइतकंच २६ अंश. समुद्र जवळ आहे म्हणून किनाऱ्यावरून कॅन भरून आणणारे गोव्यात बरेच आहेत. पावसाळ्यात मांडवी, शापोराच्या मुखाजवळ ते पाणी किती गोडं झालेलं असतं, हे मोजून बघितल्याशिवाय एक कॅनही टाकीत ओतू नये.

आधी गाळलेलं पाणी टाकीत परत आणणारा रिटर्न पंप आणि पाणी थंड ठेवणारा चिलर बंद. मग वरचं स्वच्छ पाणी खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या (फूड-ग्रेड) पिंपांत काढलं आणि टाकीत आठेक इंच ठेवलं. टँग आणि फॉक्सफेस प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यात घ्यायचे. जाळीत टँगचं पातं अडकतं आणि मासा सुटण्यासाठी स्वतःलाच फाडून घेतो. फॉक्सफेसचे काटे विषारी असतात. टोचले तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, बुडवून ठेवावा आणि डॉक्टरकडे जावं. खडक एकेक करून बादलीवर धरत पिंपात हलवले, म्हणजे ते ओले राहतात आणि त्यांच्यातले जिवाणू मरत नाहीत. मधला मोठा खडक उचलला तेव्हा डोमिनो त्याच्या भोकात पर ताणून घट्ट बसलेला होता. खडक बादलीवर तिरका करून थोडा वेळ थांबलो, पाणी निथळलं आणि तो आपणच बादलीत पडला.

रचना पूर्ण बदलली. भिंतीऐवजी खडकांचे तीन वेगळे ढीग, मध्ये हातभर मोकळी वाट, मागच्या काचेपासून चार इंच अंतर. प्रत्येक ढिगात निदान दोन बिळं, आणि प्रत्येक बिळाला दोन तोंडं. एकाच तोंडाच्या बिळात दुबळा मासा कोंडला जातो आणि तिथेच मार खातो. खडकांनी भागेना तिथे हार्डवेअरच्या दुकानातले ४ इंची पीव्हीसी पाइपाचे टी-आकाराचे जोड (टी), चिकटवायचं सोल्युशन न लावलेले, धुऊन मागे लपवले. टाकीच्या एका टोकाकडून दुसरं टोक दिसू नये एवढी आड मात्र मुद्दाम ठेवली; जो दिसत नाही त्याच्यामागे कुणी धावत नाही.

वाळू ढवळली की अमोनिया वर येण्याची भीती असते. पिंपांच्या तळाचा गाळ फेकून दिला, सम्पमध्ये, म्हणजे गाळणीच्या टाकीत, नवं फिल्टर फ्लॉस (गाळायचा कापूस) आणि कार्बन घातला, आणि पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ अमोनिया तपासायला सांगितलं. शून्यच हवा, थोडासाही चालत नाही.

मग पेटी. भोकं पाडलेली १८ इंची अ‍ॅक्रिलिकची पेटी बहुतेक घरांत नव्या माशासाठी वापरतात. इथे सेलफिन मोकळा सोडला आणि निळ्याला पेटीत घातलं. काका हळहळले, "अहो, त्याचा गुन्हा नाही म्हणता आणि त्यालाच कोंडता?" पण जखमी माशाला जागा शोधायला निवांतपणा मिळायला हवा होता, आणि जुन्याने बाहेर येताना आपला नकाशा विसरलेला हवा होता. आठवडाभर पेटी, मग निळे दिवे विझल्यावर पेटी तिरकी करून सुटका. त्यापूर्वी पोटभर खाणं. नोरीचे (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे) तुकडे टाकीच्या दोन टोकांना दोन क्लिपांवर, दिवसातून दोनदा. एकच क्लिप लावली तर ती राखायला एक मासा उभा राहतोच.

सुटल्यावर निळ्याने सेलफिनसमोर पर फुलवले, दोघे एकमेकांभोवती फिरले, आणि निळा उजव्या ढिगातल्या टीमध्ये शिरला. पहिल्या सकाळी थोडी धावाधाव झाली. शेपटीला नवा चावा नाही. जुन्या कडांवर पारदर्शक पर भरून येत होता, सेलफिन नोरी ओढत होता. अंगावर पांढरे ठिपके (हा परजीवीचा रोग) येतात का यावर महिनाभर नजर ठेवायला सांगितली, कारण ताणानंतर पावडर ब्लूला ते हटकून येतात.

डोमिनो सम्पमध्ये झाकणाखाली ठेवला आणि नंतर ट्रिगरफिश पाळणाऱ्या एकाकडे गेला. काकांच्या मुलाचं म्हणणं होतं की बागा किनाऱ्यावर सोडून द्यावा. टाकीत वाढलेला मासा समुद्रात सोडायचा नाही. देशोदेशीच्या माशांबरोबर राहून तो कुठले रोग बाळगून असेल ते सांगता येत नाही.

काकांना आता पिवळा टँगही हवा आहे. तो सेलफिनच्याच कुळातला, तशाच उंच अंगाचा, आणि सेलफिन स्वतः पुढे फूटभर होणार. या टाकीत तो घालायला मी नाही म्हटलं आहे.